कोसबाडच्या टेकडीवर मुलांसोबत

डहाणू म्हटले की आपल्या घरांत आधी चिकू आठवतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्याचे नाव आणखी दूर गेले. त्याखालोखाल आठवतात ती वारली चित्रे. पण याच तालुक्याने देशाला आणखी एक गोष्ट दिली आहे आणि ती आज आपल्या जवळजवळ प्रत्येक गावात, मोहल्ल्यात आहे. ती म्हणजे अंगणवाडी. डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात या कल्पनेने जन्म घेतला आणि तिथून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ती वाढली.

लहान मुलांना झाडाखाली, मातीत, गुरांच्या मागे फिरता फिरता शिकवता येते, हे ज्या जागेने दाखवून दिले ती जागा आपल्या मुलांना घेऊन पाहावी, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत तो योग आला. आम्ही दोन कुटुंबे, पाच मुले आणि नानी असे निघालो. सर्वांत धाकटी तीन वर्षांची, सर्वांत थोरला सात वर्षांचा. पाचही मुले मीरा रोडच्या इमारतींत वाढलेली. सकाळी शाळा, दुपारी मकतब, संध्याकाळी ट्यूशन आणि उरलेल्या वेळात मोबाईल असा त्यांचा दिवस. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी याहून वेगळे चित्र नसेल.

जायचे कसे?

एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. विरार सोडले की दोन्ही बाजूंची गर्दी संपते. वैतरणेचा पूल येतो, खाडीच्या चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे दिसतात. मग सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्टेशने मागे पडत जातात. मुलांनी विरारपर्यंत मोबाईल मागितला. वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तसा तो विसरला गेला. डहाणू रोडला उतरून रिक्षाने कोसबाडला जाता येते. रस्ता चिकूच्या वाड्यांतून जातो. वाड्या संपल्या की ताडाची झाडे, कापणी झालेली भातशेते आणि अधूनमधून कुडाच्या भिंतींची घरे लागतात.

डिसेंबरमध्ये इथली हवा लहान मुलांना मानवते. भात निघालेले असते, खळ्याजवळ पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. दुपारी ऊन असते, पण त्रास देणारे नसते. पावसाळ्यात हा भाग हिरवागार होतो, मात्र तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन पायी फिरायचे असेल तर हिवाळाच बरा.

शाळा मुलांकडे गेली

कोसबाडची कथा दोन स्त्रियांची आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करू लागल्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मादाम माँटेसरी यांची पद्धत त्यांनी आपल्या मातीत रुजवायला घेतली. पण शहरातल्या बालमंदिरांत येणारी मुले खात्यापित्या घरची होती. माँटेसरीचे साहित्य महाग होते. खेड्यातल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना बेचैन करत होता.

१९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२). अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळात अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपत असे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्या त्या पुढे या परिसरातून गेल्याच नाहीत.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण वस्तीवरची गरीब, दलित मुले तिथे येईनात. कोणाचे आईबाप भल्या पहाटे कामावर जात, कोणाला अंगावर धड कपडे नसत, कोणाला इतरांमध्ये बसण्याची भीती वाटे. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि त्या मुलांच्या वस्तीत, त्यांच्या घरासमोरच्या अंगणात नेली. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी, गोष्टी, खेळ, सारे तिथेच होऊ लागले. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

पन्नाशीच्या दशकात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. आजूबाजूला वारली पाडे होते. १९४५ सालीच या पट्ट्यातल्या वारल्यांनी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. दारिद्र्य इतके की सहा-सात वर्षांचे मूलही घराला हातभार लावत असे. मुलगे गुरे चारायला कुरणात जात. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन दिवसभर सांभाळत. अशा मुलांना शाळेत या म्हणून सांगून काय उपयोग?

यावर कोसबाडने काढलेला तोड आजही विचार करायला लावतो. मुलगा गुरे सोडून येऊ शकत नसेल तर शिक्षकाने कुरणात जावे. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला, त्याला नाव पडले कुरणशाळा. मुलगी भावंडाला सोडून येऊ शकत नसेल तर तिने त्याला घेऊनच यावे. भावंड पाळणाघरात किंवा बालवाडीत राहील आणि ती शेजारच्या वर्गात शिकेल. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणाऱ्या या योजनेला विकासवाडी म्हटले गेले. दिवसा अजिबात न येऊ शकणाऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली.

आणि महागड्या साहित्याचे काय? ते टेकडीवर पडलेले होते. मोजायला खडे आणि बिया. आकार ओळखायला पाने. मऊ-खरखरीत कळायला झाडांच्या साली. रंगांसाठी फुले आणि माती. जे मूल कधी पाटीला शिवले नव्हते ते या गोष्टी आधीपासून ओळखत होते. त्यामुळे पहिल्या दिवशी ते 'मला येत नाही' असे म्हणत नव्हते, 'हे मला माहीत आहे' असे म्हणत होते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, पुढे अनुताईंना पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द सगळ्या देशाचा झाला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

टेकडीवरचा एक दिवस

सुट्टीचे दिवस असल्याने वर्ग भरलेले पाहण्याचा प्रश्न नव्हता. आम्हाला पाहायचा होता तो परिसर. रिक्षावाल्या दादांच्या ओळखीने आम्ही जवळच्या एका पाड्यावर गेलो. घराच्या ओट्यावर एक आजी भात पाखडत बसल्या होत्या. नानींनी सलाम केला, आजींनी हात जोडले. पाच मिनिटांत दोघी गुडघेदुखीवर बोलू लागल्या आणि अर्ध्या तासात नानींच्या हातात सूप आले होते.

मुलांचे मात्र सुरुवातीला अवघड झाले. मोकळ्या जागेत उतरल्यावर काय करायचे, हेच त्यांना उमजेना. धाकटीने सँडलमध्ये माती गेली म्हणून रडायला सुरुवात केली. थोरल्याने विचारले, "इथे खेळायला काय आहे?" झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, कोणी खेळ सांगणारे नाही. आम्ही मुद्दामच काही सुचवले नाही.

तेवढ्यात घरामागून एक सहा-सात वर्षांची मुलगी आली. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तिने आमच्या मुलांकडे पाहिले, भावाला खाली बसवले आणि भिंतीच्या कडेला, जिथे पावसाचे पाणी येत नाही, तिथल्या मऊ धुळीत एक काडी टेकवली. धुळीत नरसाळ्यासारखे लहान लहान खड्डे होते. तिने एक मुंगी पकडून खड्ड्याच्या काठावर सोडली. मुंगी घसरली. वर चढू लागली तशी तळातून कोणीतरी धूळ उडवू लागले. मुंगी पुन्हा घसरली आणि नाहीशी झाली. आमची पाचही मुले जमिनीवर पालथी पडली. तळाशी दबा धरून बसलेला तो किडा पाहण्यात त्यांची अर्धी सकाळ गेली. तो खड्डा कसा करतो, उलटा का चालतो, किती वेळ उपाशी राहतो, प्रश्नांना अंत नव्हता. आमचा थोरला वर्गात दहा मिनिटे स्थिर बसत नाही, अशी त्याच्या शाळेची तक्रार असते. इथे तो अर्ध्या तासाहून अधिक वेळ हालला नाही.

मग त्या मुलीने त्यांना ताडाच्या झाडाखाली नेले. तिथे सुगरणीचे एक जुने घरटे गळून पडले होते. मुलांनी ते हातात घेतले, आतल्या नळीत बोट घातले, एक-एक पाते ओढून पाहिले. चोचीने विणलेले ते घरटे हातांनी सहज उसवेना. कोणीतरी म्हणाले, याला शिवण कोणी शिकवली? हा प्रश्न आम्ही कोणीही त्यांच्या तोंडी घातला नव्हता.

जुहरची नमाज आम्ही आंब्याच्या सावलीत अदा केली. जेवणानंतर मुलांनी पाने गोळा केली. सागाचे सर्वांत मोठे, मग पळसाचे, मग आंब्याचे, शेवटी आवळ्याचे इवलेसे. लहान-मोठा हा क्रम त्यांनी वर्कशीटवर अनेकदा लावलेला होता. इथे मात्र वाद झाला. लांबीला मोठे की रुंदीला? आंब्याचे पान लांब, पळसाचे रुंद. पाच मुलांची पंचायत बसली. शेवटी एका पानावर दुसरे ठेवून पाहायचे ठरले. गणिताचे शिक्षक ज्याला मोजमापाची सुरुवात म्हणतात ती हीच.

संध्याकाळपर्यंत धाकटीच्या सँडल कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या मुलीचा भाऊ आणि ती शेजारी बसून एकाच खड्ड्यात पाणी ओतत होते. एकाला दुसऱ्याची भाषा नीट कळत नव्हती, पण दोघांचे अडत नव्हते.

त्या मुलीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या आयुष्याचे गोडवे गाणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. भाऊ दिवसभर तिच्या कडेवर होता. आईवडील कामाला गेले होते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी विकासवाडी ज्या मुलीसाठी निघाली, तशी मुलगी आजही त्या भागात आहे. तिच्याकडे मोकळे आकाश आहे, पण वेळ नाही. आमच्या मुलांकडे पुस्तके, डबे, औषधे सारे आहे, पण पाय ठेवायला माती नाही. दोघांचेही काहीतरी हिरावले गेले आहे. ताराबाई आणि अनुताईंचे मोठेपण यात की त्यांनी माती आणि शाळा यांतून एकच निवडा, असे मुलांना सांगितले नाही.

लहान मुलाला बाहेर काय मिळते?

'किंडरगार्टन' हा शब्द आपण रोज वापरतो. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीत १८३७ साली आपली बालशाळा काढली आणि पुढे तिला हे नाव दिले. त्याचा अर्थच मुलांची बाग. त्यांच्या शाळेत मुलांना लावणी करायला जमिनीचे लहान वाफे दिले जात. आज डेन्मार्क, नॉर्वे, जर्मनीत अशा बालशाळा आहेत की जिथे मुले थंडी-पावसातही दिवसाचा मोठा भाग जंगलात घालवतात. आपल्याकडे नाव आले, बाग राहून गेली.

याचा संबंध आरोग्याशीही आहे. डोळ्यांचे डॉक्टर आता स्पष्ट सांगतात की जी मुले रोज बाहेरच्या उजेडात अधिक वेळ असतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा दोष जडण्याचे प्रमाण कमी असते. तैवानमध्ये मुलांना चष्मे फार लागू लागले, तेव्हा तिथल्या शाळांनी मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. उंचसखल जमिनीवर चालताना तोल सावरतो. चिखल मळताना, काडी मोडताना बोटांत ताकद येते आणि त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. आणि भाषा! घरात बसून 'खरखरीत', 'चिकट', 'ओलसर', 'कुजका' हे शब्द मूल पाठ करील, पण ते त्याचे होतील साल, डिंक, माती आणि पाला हातात आल्यावरच.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मक्केतील घराणी आपली तान्ही बाळे वाळवंटातल्या कबिल्यांकडे सोपवत, ती मोकळी हवा, सुदृढ शरीर आणि शुद्ध भाषा मिळावी म्हणून. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे बालपणही हजरत हलीमा सादिया यांच्याकडे, बनू साद कबिल्यात, मेंढरांच्या सोबतीने गेले. ही माहिती आपण मुलांना सीरतच्या धड्यात सांगतो. त्यातली मोकळी हवा मात्र मुलांच्या वाट्याला येत नाही.

मनातल्या शंका

आमच्यासोबतच्या आईंनी निघताना जे विचारले तेच प्रत्येक घरात विचारले जाईल. मूल आजारी पडले तर? विंचू-साप निघाला तर? कपडे खराब होतील त्याचे काय?

यांतले काही खरे आहे आणि त्यावर उपायही आहे. मातीत खेळल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून दोनदा मोफत मिळते, ती चुकवू नये. गवतात बूट घालावेत, बिळात किंवा दगडाखाली हात घालू नये, अनोळखी फळ तोंडात टाकू नये, पाण्याजवळ मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे. सर्पदंश झालाच तर झाडफूक, कापाकापी, दोर बांधणे यांत एक मिनिटही न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. हे नियम मुलांना एकदा समजावून दिले की ती स्वतःच एकमेकांना बजावतात. मुलींना मात्र 'कपडे मळतील, काळी पडशील' असे सांगून ओट्यावर बसवू नये. मुंगी खड्ड्यात कशी पडते हे आमच्यात सर्वांत आधी एका मुलीने ओळखले होते.

कोसबाडला जाणे सर्वांना जमेल असे नाही आणि त्याची गरजही नाही. परतीच्या गाडीत नानी त्यांच्या लहानपणीचे सांगत होत्या. श्रीवर्धनकडच्या त्यांच्या गावी ओहोटी लागली की घरातल्या बायका मुलांना घेऊन खाडीत तिसऱ्या काढायला जात. कुठल्या वाळूत पाय घालायचा, भरती कधी उलटते, रिकामी शिंपली कशी ओळखायची, हे पाच वर्षांच्या मुलीला ठाऊक असे. "आम्हाला कोणी शिकवले नाही," नानी म्हणाल्या, "आम्ही फक्त सोबत जायचो." आपल्यापैकी ज्यांचे गाव आहे त्यांनी मे महिन्यात मुलांना निदान एवढी सोबत द्यावी. गावी जाऊन पंख्याखाली तोच मोबाईल पाहायचा असेल तर एवढा प्रवास कशाला?

शहरातही मार्ग आहेत. गल्लीतले एक झाड मुलाने आपले म्हणून निवडावे आणि वर्षभर पाहावे: पाने कधी गळतात, मोहर कधी येतो, कोणते पक्षी बसतात. नारळाच्या करवंटीत मेथी पेरली तर काही दिवसांत कोंब येतो. उन्हाळ्यात खिडकीत पाण्याचे भांडे ठेवावे आणि कोण पिऊन जाते त्याची नोंद मुलाकडे द्यावी. असरनंतरचा एक तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, ट्यूशनमधून सोडवून मोकळ्या जागेसाठी ठेवावा. मकतबच्या उस्तादांशी बोलून महिन्यातून एक वर्ग एखाद्या बागेत भरवता येईल. त्या वेळात मोठ्यांनी कमी बोलावे. मूल किडा पाहत असेल तर त्याचे इंग्रजी नाव सांगण्याची घाई करू नये.

अंगणाचा प्रश्न

या सगळ्यापेक्षा मोठे काम मात्र आपण एकेकट्याने करू शकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. पण खेळायला जागा हवी. शहरांतल्या कितीतरी अंगणवाड्या आज भाड्याच्या एका खोलीत भरतात. नावात अंगण आहे, दाराबाहेर गटार. आपल्या सोसायट्यांतही आधी मुलांच्या जागेत दुचाक्या आल्या, मग चारचाक्या आल्या आणि शेवटी 'येथे खेळू नये' अशी पाटी आली. ती पाटी लावणारे कोणी बाहेरचे नव्हते, आपणच होतो.

आमच्या इमारतीच्या मागे पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक पट्टी आहे. सध्या तिथे मोडके सामान पडलेले असते. फरशी निघाली आणि दोन ब्रास लाल माती पडली की तिथे एक आवळा, एक जास्वंद आणि मुलांसाठी उकरायला थोडी मोकळी जागा राहील. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. त्या सभेत आम्ही ही मागणी मांडणार आहोत. पाचही मुलांनी अर्जावर आपापल्या हाताने झाडाचे चित्र काढून दिले आहे. वाचकहो, आपल्या इमारतीच्या मागेही अशी एखादी पट्टी असेल. एकदा मुलांना घेऊन जाऊन ती पाहून या.